दार लावून घे

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी एका खोलीची खिडकी असून नसल्यासारखी होती. बाबांनी तिला आतून काळ्या कागदाचे चार थर चिकटवले होते आणि त्यावर जुनं घोंगडं खिळ्यांनी ठोकलं होतं. दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. रस्त्याकडच्या बाजूला स्टुडिओ होता. तिथे रंगवलेला पडदा, दोन उंच दिवे, एक स्टूल आणि दोरीनं कंगवा बांधलेला आरसा. गिऱ्हाइकांना ठाऊक होता तो एवढाच स्टुडिओ. पण फोटो खरा व्हायचा तो मागच्या त्या खोलीत. स्टुडिओतला पोरगा तिला डार्करूम म्हणायचा, आम्ही घरचे काळी खोली म्हणायचो.

मी तिसरीत असताना, मे महिन्यातल्या एका दुपारी, मी त्या खोलीचं दार उघडलं. आतली कडी ढिली झालेली होती, जरा ढकललं की निघायची. कारण काही मोठं नव्हतं. गल्लीत कुल्फीवाला आला होता आणि मला पैसे हवे होते.

आत मिट्ट काळोख. नेहमीचा लाल दिवासुद्धा नव्हता. उजेडाचा एक लांब पट्टा माझ्या अंगावरून आत घुसला आणि बाबांच्या हातांवर पडला. हातात फिल्म होती, अर्धी रिळावर चढवलेली.

"दार!" बाबा म्हणाले.

मी लगेच लावलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. लग्नाचा रोल होता, बारा फोटोंचा, आणि त्यातले निम्म्याहून जास्त जळाले. जळलेली निगेटिव्ह काळी ठिक्कर पडते. उजेड जिथे जास्त झाला तिथेच सगळ्यात काळं, हा उलटा हिशेब मला त्या वयात कोणी समजावून सांगितला नव्हता. संध्याकाळी बाबा सायकल काढून त्या लोकांच्या घरी गेले आणि घेतलेले पैसे परत करून आले. मला ते एका शब्दानंही रागावले नाहीत. आई रागावली. मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मलाच हाक मारली. "ये बेटा, आत ये. दार लावून घे."

लाल दिवा लागलेला होता, तरी मला आधी काहीच दिसेना. "डोळे निवू दे," बाबा म्हणाले. हा त्यांचा खास शब्द. नागपूरच्या उन्हातून आत आलं की डोळे तापलेले असतात, त्यांना निवायला वेळ द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. मग हळूहळू टेबल दिसलं, फोटो मोठा करायचं यंत्र, म्हणजे एन्लार्जर दिसला, तीन ट्रे दिसले. पहिला ट्रे एका मोठ्या घमेल्यात ठेवलेला आणि घमेल्यात बर्फाचे खडे. मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी इतकं तापायचं की फिल्मवरचा थर फुगायचा, प्रिंट डागाळायचे. म्हणून बाबा रोज सकाळी सायकलच्या कॅरिअरवर, भुसा लावलेल्या गोणपाटात गुंडाळून बर्फ आणायचे. आम्हाला सरबतात घालायला त्यातला खडा मिळत नसे. तो बर्फ फोटोंचा होता.

बाबांनी चिमट्यानं एक पांढरा कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडला आणि ट्रेचं टोक हलकेच उचलून खाली सोडायला लागले. कागद कोराच. पाणी त्याच्यावरून इकडून तिकडे जात होतं. मी श्वास धरून उभी. मग कागदावर एक मळकट सावली आली, ते केस होते. मग भुवया. मग मंगळसूत्राचे मणी, एकेक. चेहरा सगळ्यात शेवटी आला, जणू ती बाई कागदाच्या पलीकडून पुढे चालत येत होती. "पाहिलं?" बाबा म्हणाले. "हे काल होऊन राहिलं होतं."

ती खोली नुसती काळी नाही, आत काहीतरी होत असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आकाशातला काळोखही तसाच आहे, हे कळायला मात्र पुढची वीसेक वर्षं जावी लागली.

एडवर्ड एमर्सन बर्नार्ड हा अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ माझ्या वाचनात आला तो त्याच्या लहानपणासकट. 1857 साली नॅशव्हिल शहरात अत्यंत गरीब घरात जन्म, वडील जन्माआधीच वारलेले. नवव्या वर्षी आईनं त्याला एका फोटो स्टुडिओत कामाला लावलं. काम काय, तर स्टुडिओच्या छतावर एक भलंमोठं एन्लार्जर होतं, ते सूर्याच्या उजेडावर चालायचं. सूर्य सरकेल तसं ते यंत्र हातानं सरकवत राहायचं, दिवसभर. त्या स्टुडिओत या मुलानं सतराएक वर्षं काढली. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले. आमच्या काळ्या खोलीतला तो एन्लार्जर, त्याची ती फिरवायची मूठ, सगळं आठवलं.

पुढे बर्नार्ड मोठ्या वेधशाळांमध्ये गेला, 1892 साली त्यानं गुरूचा पाचवा चंद्र शोधला, तोही फोटो न काढता, डोळ्यानं दुर्बिणीतून बघून. पण त्याचं खरं वेड आकाशगंगेचे फोटो काढण्याचं होतं. लिक वेधशाळेत त्यानं त्यासाठी जी जुनी लेन्स वापरली, ती मुळात माणसांचे फोटो काढायची, पोर्ट्रेटची लेन्स होती. स्टुडिओत बसलेल्या माणसाकडे रोखायची लेन्स त्यानं आकाशाकडे रोखली आणि तासन् तास उघडी ठेवली. काचेवर जे आलं त्यात ताऱ्यांच्या दाट गर्दीत मधेच मोकळ्या जागा होत्या. कुठे चीर, कुठे गल्ली, कुठे अगदी शाईचा डाग पडावा तसा गोल ठिपका.

या जागा आधीही लोकांनी पाहिल्या होत्या. अठराव्या शतकात विल्यम हर्शेल हा खगोलशास्त्रज्ञ वृश्चिकेच्या आसपास दुर्बीण फिरवताना अशाच एका जागी थांबला आणि इथे तर आकाशाला भोकच पडलंय, असं म्हणाला. शेजारी बसून नोंदी घेणाऱ्या कॅरोलिन या त्याच्या बहिणीनं म्हातारपणीही त्याची ती आठवण सांगितली आहे. भोक म्हणजे तिथे तारे नाहीत, आरपार मोकळं. बर्नार्डलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मग 1913 सालच्या उन्हाळ्यात, चांदणं नसलेल्या एका स्वच्छ रात्री तो धनू राशीतल्या आकाशगंगेचा फोटो घेत होता, तेव्हा ढगांचे अगदी लहान लहान पुंजके तिथून सरकत गेले. साधे, आपल्या हवेतले ढग. मागच्या लखलखाटावर ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसले. त्याच्या फोटोंमध्ये दिसायची तीच भोकं, हुबेहूब. त्या रात्रीनं त्याचा कौल फिरवला. जिथे काही नाही असं वाटत होतं तिथे काहीतरी आडवं आलेलं होतं.

1919 साली त्यानं अशा 182 काळ्या जागांची यादी छापली. आजही त्या त्याच्या क्रमांकानं ओळखल्या जातात. घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा मृग नक्षत्रातला प्रसिद्ध काळा मेघ हा बर्नार्ड 33.

आणि हे मला बाबांना सांगायचंच होतं, म्हणून मी फोन न करता मुद्दाम महालात गेले. बर्नार्डनं आकाशगंगेच्या 51 फोटोंचा संग्रह करायचं ठरवलं. 700 प्रती. छापखान्यातली छपाई त्याला मान्य नव्हती, कारण छपाईत बारीक काळ्या-करड्या छटा मरतात. म्हणून प्रत्येक प्रतीत खरे फोटोप्रिंट लावायचे ठरले. म्हणजे 35,700 प्रिंट. त्यातला प्रत्येक प्रिंट त्यानं स्वतः हातात घेऊन तपासला. संग्रह पुरा व्हायच्या आत, 1923 साली तो गेला. उरलेलं काम त्याची भाची मेरी कॅल्व्हर्ट आणि यर्क्स वेधशाळेचे संचालक यांनी पूर्ण केलं आणि 1927 साली तो बाहेर आला.

स्टुडिओ तोवर बंद झाला होता. डिजिटल आलं, गिऱ्हाईक गेलं. काळ्या खोलीत गहू-तांदळाचे डबे ठेवलेले. बाबांनी आकडा परत विचारला. "पस्तीस हजार?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काळ्यामधलं काळं ज्याला वेगळं दिसते, तोच असं करून राहिला असंल."

तर हे काळं म्हणजे आहे काय? मुख्यतः हायड्रोजन वायू. धूळ वजनानं शेकडा एक एवढीच, पण सगळा अंधार ती करते. धूळ म्हटलं की आपल्याला वैशाखातली वावटळ आठवते, पण हे कण तसे नव्हेत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणजे अगरबत्तीच्या धुराच्या जातीचे. वाळूत असतात तसली सिलिकेटं, काजळीसारखा कार्बन, आणि दाट भागात त्यांच्यावर बर्फाचा पापुद्रा. म्हातारे तारे आपल्या अंगावरचं द्रव्य बाहेर फेकतात, ते थंड होताना ही धूळ तयार होते. गेलेल्या ताऱ्यांची राखच म्हणा ना.

आणि हे मेघ दाट असतात म्हणजे तरी किती? अशा मेघाच्या मधोमध एका घन सेंटीमीटरमध्ये काही लाख रेणू. तुमच्या-माझ्या समोरच्या हवेत तेवढ्याच जागी ते अडीच कोटी कोटी लाख असतात. आपल्या हिशेबानं ती जागा जवळजवळ रिकामी. पण मेघ इतका विस्तीर्ण असतो की त्यातून यायला प्रकाशाला कित्येक महिने, कित्येक वर्षं लागतात, आणि तेवढ्या वाटेत धुळीचा एकेक कण त्याला गाठतोच.

माझ्या मनात घर करून बसली ती गोष्ट मात्र पुढची. वायू तापलेला असला की पसरतो, हे आपण चहाच्या आधणावर रोज पाहतो. तारा व्हायचा तर वायू आपल्याच वजनानं आत आत कोसळला पाहिजे, आणि त्यासाठी तो भयंकर थंड हवा. शेजारच्या ताऱ्यांचा उजेड आत शिरला तर वायू तापतो, रेणू फुटतात, सगळं विस्कटतं. धूळ तो उजेड बाहेरच अडवते. हायड्रोजनचे सुटे अणू धुळीच्या कणावर येऊन बसतात आणि तिथे त्यांच्या जोड्या जमतात. आतली उरलीसुरली ऊब कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू बाहेर टाकत राहतात. असं करत करत मेघाचं पोट उणे 260 अंशांच्या आसपास येऊन ठेपतं. म्हणजे घोंगडं ठोकलेली खिडकी, चिंध्या कोंबलेलं दार आणि घमेल्यातला बर्फ, तिन्ही तिथे आहेत. मी ही तुलना जुळवायला बसले नव्हते. वाचता वाचता ती आपोआप समोर आली आणि मला क्षणभर हायपोचा, फोटो पक्का करायच्या त्या द्रावणाचा वास आला.

बर्नार्ड 68 या मेघाचा फोटो तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा. भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे 500 प्रकाशवर्षांवर. ताऱ्यांनी खच्चून भरलेल्या आकाशावर एक वेडावाकडा काळा ठिपका, कडा इतक्या स्वच्छ की कोणी कात्रीनं कापून काढावा. रुंदी जेमतेम अर्धं प्रकाशवर्ष. त्याच्या आत अजून एकही तारा नाही. वस्तुमान दोनेक सूर्यांचं आहे, थंडी आहे, काळोख आहे, सगळी तयारी आहे, आणि येत्या एक-दोन लाख वर्षांत तो कोसळायला लागेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ट्रेमध्ये सोडलेला, अजून कोरा असलेला कागद. मला आकाशातली याच्याइतकी सुंदर दुसरी कुठलीही वस्तू वाटत नाही. शनीची कडी धरूनसुद्धा.

अशा लहान गोल मेघांकडे बोट दाखवून, हे ताऱ्यांचे कोश असावेत असं 1947 साली बार्ट बॉक आणि एडिथ रायली या खगोलशास्त्रज्ञांनी लिहिलं. कोश, किड्याभोवती असतो तोच. विदर्भात हा शब्द सांगावा लागत नाही. आमच्याकडे भंडाऱ्याच्या बाजूला टसरला लोक कोसाच म्हणतात, आणि लग्नात कोशाचं उपरणं असलंच पाहिजे. पण कोश फोडल्याशिवाय आत काय आहे ते बघणार कसं? 1990 च्या सुमारास, म्हणजे बॉक हयात नसताना, अशा कित्येक मेघांच्या पोटात खरोखरच कोवळे तारे सापडले. सापडले ते अवरक्त प्रकाशात.

याचं कारण आम्हा नागपूरकरांना समजायला सोपं आहे. मे महिन्यात हवेत धूळ असली की मावळता सूर्य कुंकवासारखा लाल होतो. निळा प्रकाश बारीक कणांवर आपटून इतस्ततः होतो, लांब लहरींचा लाल प्रकाश त्यातल्या त्यात सरळ येतो. लालच्याही पलीकडच्या, आणखी लांब लहरी म्हणजे अवरक्त. त्या या धुळीतून वाट काढतात. बर्नार्ड 68 चा अवरक्त फोटो घेतला तर तो काळा ठिपका जवळपास विरघळून जातो आणि त्याच्या मागचे तारे दिसू लागतात.

काळ्या खोलीतल्या लाल दिव्याचं कारण थोडं वेगळं. फोटो छापायच्या ब्रोमाइड कागदाला लाल उजेड कळतच नाही, म्हणून तो चालतो. दोन्हींची सरमिसळ करू नये. तरी दोन्हीकडे लालच कामाला यावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1967 साली बेकलिन आणि नॉयगेबाउर या खगोलशास्त्रज्ञांना मृगातल्या तेजोमेघाच्या मागे असाच एक झाकलेला, नुसत्या अवरक्तात तळपणारा कोवळा तारा सापडला होता. आणि आता अवकाशात सोडलेली, अवरक्तात बघणारी वेब दुर्बीण आहे. तिनं वृषभेतल्या एका मेघात लाखभर वर्षं वयाचा तारा दाखवला, म्हणजे आपल्या 460 कोटी वर्षांच्या सूर्यापुढे अजून नाळही न कापलेलं पोर. त्याच्या मधोमध एक काळी आडवी रेघ आहे. ती त्याच्याभोवतीची तबकडी, जिच्यातून पुढे ग्रह व्हायचे. जुलै 2023 मध्ये तिनं वृश्चिकेतल्या ज्येष्ठा ताऱ्याजवळच्या, 390 प्रकाशवर्षांवरच्या मेघाचा फोटो दिला, त्यात पन्नासेक तरुण तारे आहेत, बहुतेक सूर्याएवढे किंवा त्याहून लहान. काही अजून कोशातच, काहींनी दोन्ही बाजूंनी वायूचे झोत सोडून कोश फाडायला घेतलेला.

ज्येष्ठेजवळ म्हटल्यावर मला राहवेना. बाबांना घेऊन जायचंच असं ठरवलं.

नागपुरातून आता आकाशगंगा दिसत नाही. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकायचो, तेव्हा मध्यरात्री जाग आली तर दक्षिणेकडे पांढुरका पट्टा दिसायचा. आज महालातल्या त्याच गच्चीवरून ज्येष्ठा दिसली तरी समाधान मानायचं. पण आपल्याच जिल्ह्यात पेंच आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. जंगलाच्या कडेच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे उजेड पाडणारे दिवे लावले. गावाला उजेड आणि आकाशाला काळोख, दोन्ही जपले. वाघ जपतात तसा काळोखही जपायचा असतो, हे कोणाला तरी सुचलं याचा मला मनापासून आनंद आहे.

गेल्या उन्हाळ्यात, अमावास्येच्या मागेपुढे, आम्ही निघालो. बाबा 83 वर्षांचे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. मुलगा गाडी चालवत होता. कन्हानच्या पुलावर बाबांनी खिडकीतून खाली पाहिलं. मे महिन्यात नदी असते तशीच होती, मधे वाळूचा भलामोठा पट्टा आणि दोन्ही बाजूंनी दोन बारीक धारा. मनसर, पवनी करत सिल्लारीला पोचलो तेव्हा अंधार पडत होता.

जेवण झाल्यावर मुक्कामाच्या जागेसमोरच्या मोकळ्या अंगणात खुर्च्या टाकल्या. गाडी तिथेच बाजूला होती. गावातला एक पोरगा आमच्यासोबत थांबला होता. त्याच्या बॅटरीच्या तोंडाला लाल कागद रबरानं बांधलेला. बाबांनी ती बॅटरी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "हा तर आपलाच दिवा," ते मला म्हणाले. पोराला वाटलं, आजोबा बॅटरी मागताहेत. मग बाबांनी त्याला ब्रोमाइड कागदाची सगळी कथा सांगितली, आणि पोरानंही त्यांना सांगितलं की अंधारात बघणारा डोळ्याचा भाग लाल उजेडानं बिघडत नाही, पांढऱ्यानं मात्र बिघडतो आणि परत तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. "डोळे निवायला," बाबा म्हणाले. "होय, आजोबा," पोरगा म्हणाला. कुठेतरी रातवा पक्षी टकटकत होता, घट्ट जमिनीवर गोटी टाकावी तसा.

बारानंतर वृश्चिक दक्षिणेला चांगली वर आली. तिच्या शेपटीच्या डावीकडून आकाशगंगा निघून पूर्वेकडे श्रवणापर्यंत आणि पुढे हंसापर्यंत गेली होती. आणि तिच्या मधोमध ती काळी चीर. मी पुस्तकांत किती वेळा पाहिली होती, तरी ती इतकी रुंद असेल असं मला वाटलं नव्हतं. दूर पेरू देशातल्या डोंगरांत लोक या काळ्या जागांमध्येच लामा हा उंटासारखा प्राणी बघायचे, ऑस्ट्रेलियातले आदिवासी एमू पक्षी बघतात. त्यांनी काळ्यालाच आकार मानला. आपण नक्षत्रं जोडली ती उजेडाच्या ठिपक्यांची.

बाबा बराच वेळ मान वर करून गप्प होते. मग म्हणाले, "ही तर कन्हानच होय. मधे वाळू." मग थोड्या वेळानं, "त्या वाळूत ते तुझे तारे होऊन राहिले का?"

मी हो म्हटलं. ज्येष्ठेच्या किंचित वर बोट करून, वेबनं फोटो घेतला ती जागा दाखवली. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. बाबा तिकडेच बघत राहिले. एन्लार्जरखाली ठेवलेल्या निगेटिव्हकडे ते असेच बघायचे, डोकं थोडं तिरपं करून.

दोनच्या सुमाराला हवा जरा गार झाली. बाबांच्या अंगावर घालायला शाल आणावी म्हणून मी उठले, चाचपडत गाडीपाशी गेले आणि दार उघडलं. आतला दिवा लागला. पांढराफेक उजेड अंगणभर पसरला.

"दार!" मागून आवाज आला.

मी झटकन लावून घेतलं. शाल आतच राहिली. तशीच परत येऊन खुर्चीत बसले. मुलगा आणि तो पोरगा काही बोलले नाहीत. बाबांनी अंधारात माझा हात शोधून त्यावर हात ठेवला.

"काही नाही होत. डोळे निवू दे."

बराच वेळ सगळं नुसतं काळं होतं. मग ज्येष्ठा आली. मग तिच्या दोन्ही बाजूंचे ते दोन. मग शेपटी, एकेक तारा. चिरेच्या कडा सगळ्यात शेवटी आल्या.